वीतभर उचला, थांबा, बघा

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपले मोठे साहेब. व्यासपीठावर बसलेल्या आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई. आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे जड यंत्रविभागाचे क्रेनचालक, ज्यांना कागदावरच्या नावानं इथं कुणीच हाक मारत नाही ते आपले पायलट. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, आम्हा सर्वांच्या वहिनी. दाराशीच उभ्या असलेल्या कँटीनच्या काकू, कारण त्यांचा अर्धा जीव तिकडे चहाच्या पातेल्यात आहे. आणि सभागृहातल्या माझ्या तमाम सहकारी बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझे पाय कापताहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे समोरचं टेबल का हलतंय असा प्रश्न कुणाला पडायला नको. आणि ही भाषणाची भीती आहे असंही कुणी समजू नये. बोलायला मी कधी घाबरलो नाही. उलट मी जास्त बोलतो, अशी लेखी तक्रार आहे.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी एक दुरुस्ती. माझ्या आधीच्या वक्त्यांनी पायलट वीस टनी क्रेन चालवत असं सांगितलं. क्रेन पंचवीस टनांची आहे. तिच्या पोटावर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, मान वर करण्याचे कष्ट घेतले तर दिसतं. बघा, हसलात तुम्ही. मला ‘मोजपट्टी’ म्हणता ते मला ठाऊक आहे. म्हणा. मी फारसा शाळेत गेलो नाही. दोर, साखळ्या, हूक, कोणता बोजा कुठं बांधायचा, कुठं तोल राहतो, हे सगळं मी स्वतः पुस्तकं आणून, शब्दाला शब्द लावून शिकलो. आणि शिकलेल्यातलं सूतभरही इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण आज मी घाबरलेलो आहे. का, ते सांगतो.

मघाशी आत येताना वहिनींनी मला दाराशी थांबवलं. वहिनी, मानेनं नको नको म्हणू नका, मी सांगणार आहे. त्या म्हणाल्या, “भावजी, हे आठवडाभर फिरायला गेलेले नाहीत. चहात पुन्हा चमच्यावर चमचे चाललेत. मी बोलले तर म्हणतात, आता दाखला कुणाला दाखवायचाय? मला आता कोण तपासणार?”

मंडळी, हे ऐकलं आणि मी आत आलो, तर समोर हे टेबल. बघा जरा याच्याकडे. प्रत्येक विभागानं प्रेमानं भेट आणलीय आणि प्रत्येकाला एकच कल्पना सुचलीय. केक, चॉकलेटं, पुन्हा केक, गोड बिस्किटांचा हा रांजणाएवढा डबा. हा डबा कुणी आणला, हात वर करा. नाही करणार. रक्तात साखर वाढलेल्या माणसाला निरोप देताना अख्ख्या कारखान्यानं मिळून साखरेचा डोंगर रचलाय. तुमच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण माझ्या डोळ्यांना तो टांगलेला बोजा दिसतो आणि त्याखाली माझा माणूस उभा दिसतो.

आता बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी आमचं काम थोडं सांगायला हवं. क्रेनचालक वर, छपराजवळच्या काचेच्या केबिनमध्ये बसतो. मी खाली जमिनीवर. बोजा बांधायचा मी आणि खुणा करायच्याही मी. यंत्रांच्या आवाजात शब्द पोचत नाही, म्हणून सगळी भाषा हाताची. मी हात वर केला की पायलट घंटेचा एक टोला देतात. एक टोला म्हणजे ‘दिसलं, समजलं’. टोला आल्याशिवाय मी पुढची खूण करत नाही. आणि आमच्यात एक नियम आहे, जो त्यांनी मला शिकवला की मी त्यांना, यावर आमचं आजही भांडण आहे. बोजा केवढाही असो, कितीही घाई असो, आधी वीतभर उचलायचा. थांबायचं. बघायचं. साखळी नीट बसली का, तोल राहतोय का, ब्रेक धरतोय का. मग पुढं. ज्यानं एकदम उचललं त्याच्या हूकमधून बोजा निसटलेला मी पाहिला आहे. त्या आवाजाचं वर्णन इथं करत नाही, बायकामुलं बसली आहेत.

तर असा हा पायलट. डॉक्टरबाईंनी त्यांना तपासणीनंतर बोलावलं, साखर वाढल्याचं सांगितलं, गोळ्या सुरू केल्या आणि स्पष्ट बजावलं की खाण्यापिण्यात बदल करा, पण एकेक करा, हळूहळू करा, उपाशी राहू नका. मी बाहेरच्या बाकावर होतो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पण पायलटनी त्यातलं काय ऐकलं? ‘बदल करा’ एवढंच. वर्षाची तपासणी तोंडावर आलेली, आणि दाखला मिळाला नाही तर क्रेनवर चढता येत नाही. त्या धास्तीनं गड्यानं काय करावं? एका सकाळी सगळं बंद. साखर बंद, भात बंद, पाव बंद. घरापासून कारखान्यापर्यंत पायी, तेही तरातरा. डब्यात नुसती काकडी. मी म्हटलं, “पायलट, हे जरा जास्त होतंय.” तर म्हणाले, “तू बोजे बांध. माझं पोट मी बांधतो.”

वीतभर उचलून बघायला शिकवणारा माणूस. स्वतःचा बोजा मात्र एका दमात छपराला नेऊ पाहत होता.

आठवडाही भरला नव्हता. जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ. एका मोठ्या गिअरपेटीचं ओतीव आवरण उचललं होतं, पुरुषभर उंचीवर होतं, गाड्यावर ठेवायचं होतं. मी हात वर केला. ‘थांबा’ अशी खूण केली. क्रेन थांबली. मग मी ‘हळू खाली’ केलं.

टोला आला नाही.

मी पुन्हा हात हलवला. नाही. वर पाहिलं तर काचेत नुसता उजेड. बोजा साखळीवर हलके हलके डुलत होता. आजूबाजूला यंत्रं चालूच होती, लेथवर कुणी शीळ घालत होतं, आणि माझ्या कानांत मात्र एकच गोष्ट वाजत होती, न आलेला तो टोला. असल्या शांततेला मी जितका घाबरतो तितका कुठल्याच आवाजाला घाबरत नाही.

मी माणसं लांब हटवली. क्रेनचा खालचा मेन स्विच पाडला. वीज गेली की ब्रेक आपोआप आवळला जातो, बोजा लटकलेला राहतो, हे ज्ञान मला होतं आणि त्या ज्ञानानं माझे हात थोडे तरी चालते ठेवले. पण पुढं काय? फिटर लोक पलीकडच्या शेडमध्ये. कुणीतरी वर जायला हवं होतं. आणि इथं मला अशी एक गोष्ट सांगायची आहे जी या कारखान्यात एकट्या पायलटना ठाऊक होती. मला उंची सहन होत नाही. स्टुलावर उभं राहून दिवा बदलायचा झाला तर आमच्या घरी बायको चढते. जन्मभर जमिनीवरून लोकांना वर-खाली करायला लावणारा मी, त्या शिडीच्या तिसऱ्या पायरीपलीकडे कधी गेलो नव्हतो.

तेवढ्यात काकू धावत आल्या. हो, याच काकू. हातात पाण्याची बाटली, आत बचकभर साखर टाकून खळखळा हलवत. म्हणाल्या, “मेल्यानं सकाळपासून अन्नाला हात लावलेला नाही. घे हे नि चढ! बघत काय उभा राहिलास, वरून तो काय पत्र पाठवणार आहे का?”

बाटली शर्टात खुपसली आणि चढलो.

किती पायऱ्या आहेत? मला विचारू नका. ज्याला तुम्ही मोजपट्टी म्हणता त्यानं मोजल्या नाहीत. डोळे अर्धे मिटलेले, लोखंड हाताला घामानं निसटतंय, आणि असं वाटतंय की मी शिडी धरलेली नसून शिडीनंच मला धरलंय आणि तिचा विचार बदलतोय. अर्ध्यावर मी थांबलो. खरं सांगतो, परत फिरणार होतो. पण परत फिरायचं तर खाली बघावं लागणार होतं. म्हणून वर गेलो. शौर्य वगैरे जे साहेबांनी मघाशी माझ्या नावावर घातलं, ते एवढंच.

केबिनमध्ये पायलट दांड्यांच्या चौकटीवर डोकं टेकून बसले होते. अंगातला शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. मी हाक मारली तर म्हणाले, “गाडी आली का?” कुठली गाडी? डॉक्टरबाई तोवर खाली पोचल्या होत्या, ओरडत होत्या, “शुद्ध आहे का? गिळता येतंय का?” मी ओरडलो, “येतंय!” त्या म्हणाल्या, “मग पाजा, उपाशीपोटी साखर पार उतरलीय त्यांची, थोडं थोडं पाजा!” मी एकेक घोट पाजला. एक घोट. थांबलो. बघितलं. पुन्हा एक घोट.

डोळ्यांत ओळख परत यायला किती वेळ लागला ते घड्याळाला विचारा. मला तो वेळ आजही संपलेला वाटत नाही. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? “मोजपट्ट्या, तू वर? मग खाली खुणा कोण करतंय?”

आणि हात लांब करून त्यांनी घंटेची दोरी ओढली. ती घंटा विजेवर नाही, साधी दोरीची आहे, म्हणून वाजली. एक टोला. खाली जमलेल्या माणसांनी असा काही कल्ला केला की शेड दणाणली.

फिटर आले, पट्टे बांधून त्यांनी पायलटना सुखरूप उतरवलं. आणि मी? मी वरच. माझे पाय शिडीवर उतरेनात. फिटर म्हणाले, “काका, तुम्हालाही बांधू का?” मी म्हटलं, “मला अजिबात बांधायचं नाही.” अभिमान हा असा असतो, तो उंचीवरसुद्धा उतरत नाही. शेवटी खाली स्टुलावर बसलेले पायलट, अंगावर चादर, हातात चहाचा कप, त्यांनी कप काकूंकडे दिला आणि हात वर केला. माझीच खूण मला केली. ‘हळू खाली.’ मी एक पायरी उतरलो. त्यांनी मूठ मिटली, ‘थांबा’. मी थांबलो. त्यांनी बघितलं. पुन्हा ‘हळू खाली’. असा मी जमिनीवर आलो, उतरताना सबंध वेळ त्या एका हाताकडे बघत. संपूर्ण शिडी उतरायची आहे असं जर मी मनात धरलं असतं, तर आज हे भाषण मला तिथूनच करावं लागलं असतं.

डॉक्टरबाईंनी त्यांचं क्रेनवरचं काम बंद केलं. साखर ताब्यात आली, तब्येत स्थिर झाली तरच परत वर, असा हुकूम. पायलट जमिनीवर माझ्याबरोबर साखळ्या पुसू लागले. पंख कापलेला पक्षी कसा दिसतो ते मी त्या दिवसांत पाहिलं. माझ्याशी बोलत नव्हते. एकदा म्हणाले, “परत वर गेलो नाही तर मी कोण रे? पायलट तरी राहीन का?” मी म्हटलं, “वीतभर उचलू या.”

मग आम्ही डॉक्टरबाईंसमोर नीट बसलो आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. चहातली साखर आधी अर्ध्या चमच्यानं कमी. जिभेची कुरकुर थांबेपर्यंत तेवढीच. मग आणखी अर्धा चमचा. ताटातला भात चतकोर कमी, त्या जागी भाजी. चालणं आधी फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. ते अंगवळणी पडलं की पुढं वजनकाट्यापर्यंत. पायलट चिडायचे, “अरे, टाकीपर्यंत काय, माझी आजीसुद्धा जाईल!” मी म्हणायचो, “आजीला घेऊन या, पण आज टाकीच.”

आता मी कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, गोड मात्र कायमचं शून्य हवं. काकू दर शनिवारी मनुका घालून केक करतात. पहिल्या शनिवारी पायलटनी केककडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. तर मला विचारतात, “मोजपट्ट्या, क्रेनचा ब्रेक कायम आवळून ठेवला तर काय होतं?”

मी सांगितलं, पुस्तकातलं तोंडपाठ होतं. “अस्तर सतत घासतं, तापतं, जळतं.”

“आणि मग?”

“मग खरा बोजा येतो तेव्हा धरत नाही.”

“शाब्बास. बाजूला हो, काकूंना पुढं येऊ दे.”

मी तावातावानं डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या हसल्या. म्हणाल्या, “त्यांचं बरोबर आहे. ठरवून खा, एकच तुकडा खा, आणि बसून चवीनं खा. चोरून खाल्लेलं अंगाला लागतं, तसं ठरवून खाल्लेलं लागत नाही, असं काही शास्त्र सांगत नाही. पण ठरवून खाणारा एका तुकड्यावर थांबतो.” तेव्हापासून शनिवारचा तुकडा सुरू झाला. पायलट डोळे मिटून एकेक मनुका शोधत खायचे. मला आधी राग यायचा. नंतर मीही शेजारी बसू लागलो. केक बरा होता. थोडी वेलदोड्याची कमतरता होती, ती मी काकूंच्या कानावर घातली, त्यांनी मला काय उत्तर दिलं ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

पुढचं आपण जाणता. दाखला मिळाला. पायलट पुन्हा वर गेले आणि काल संध्याकाळपर्यंत वरच होते.

आणि म्हणूनच मी घाबरलोय, मंडळी. दाखल्यासाठी या माणसानं सगळं केलं आणि आजपासून दाखला नको. केबिन नाही, टाकी नाही, वजनकाटा नाही, शनिवार नाही. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीजवळची खुर्ची, आणि शेजारी हा रांजण. पायलट, तुम्ही खाली मान घालू नका, माझ्याकडे बघा. तुम्ही विचारलंत, मला आता कोण तपासणार? मी विचारतो, मला कोण उतरवणार? मी परत कुठल्या शिडीवर अडकलो तर मी कुणाच्या हाताकडे बघू? त्या दिवशी न आलेला टोला मला अजून ऐकू येतो. कामात कुणाला उत्तर द्यायला जरा उशीर झाला तरी माझी मान आपोआप वर जाते. पुन्हा एकदा ती शांतता सोसायची ताकद माझ्यात नाही. हे मी चारचौघांत सांगतोय, माझ्या स्वभावात नसताना सांगतोय.

म्हणून अध्यक्षांच्या परवानगीनं दोन गोष्टी जाहीर करतो. पहिली, या टेबलावरचं एकही खोकं पायलटच्या घरी जाणार नाही. काकू, सुरी आणा. सगळं इथंच कापायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. आज शुक्रवार आहे, पण डॉक्टरबाईंनी मान हलवली आहे, तेव्हा पायलटचा उद्याचा तुकडा आज. काय म्हणालात पायलट? ‘उद्याचाही उद्या’? नाही. ते मला ऐकू आलं नाही.

दुसरी गोष्ट. माझं घर तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. उद्यापासून रोज सकाळी कामावर येताना मी तुमच्या खिडकीखाली उभा राहीन, हात वर करून. मी वर येणार नाही. तुम्ही खाली यायचं. कोपऱ्यावरच्या नळापर्यंत चालू, मग तुम्ही परत, मी पुढं. नळाच्या पुढचं नंतर बघू. पण त्याआधी मला टोला हवा. खिडकीच्या गजावर चमचा वाजवा, पेला वाजवा, वहिनींची परवानगी असेल तर पातेलं वाजवा. टोला आल्याशिवाय मी हलणार नाही. कामावर उशीर झाला तर साहेब, माझा पगार कापा.

आता त्यांनी हो म्हटलं की नाही हे मला शब्दांत नकोय. शब्द आम्हाला कधी पोचलेच नाहीत. पायलट, तुमच्यासमोर पेला आहे, चमचा आहे. मी हात वर करतो. हा केला.

थांबतो.

बघतो.

…वाजला. ऐकलंत ना? मागच्या रांगेलाही ऐकू गेला? एकच वाजला. बरोबर आहे, एकच हवा असतो.

हात खाली घेतो. माझे पाय अजून कापताहेत, पण ते आता चालेल.

या संधीबद्दल मी अध्यक्ष महोदयांचा, उशीर होत असूनही घड्याळाकडे न पाहिलेल्या डॉक्टरबाईंचा, त्या दिवशीच्या बाटलीसाठी काकूंचा, आणि घरातली गोष्ट मी बाहेर सांगितली तरी मला परत घरी येऊ देतील अशा वहिनींचा मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाच्या भेटीचा अवमान झाला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, एखादा मान्यवर नमस्कारातून राहून गेला असेल, तर या कमी शिकलेल्या माणसाला पदरात घ्यावं. तपशिलात मात्र काही चूक सापडणार नाही. क्रेन पंचवीस टनांचीच आहे.

नमस्कार. काकू, सुरी.